नकाशा गाडीत असावा की खिशात?

गाड्यांच्या शोरूममध्ये हल्ली एक संवाद वारंवार ऐकू येतो. कराडचे एक निवृत्त शिक्षक, वय एकसष्ट, आयुष्यातली दुसरी गाडी घ्यायला आले आहेत. सोबत पत्नी आणि मुलगा. लेक पुण्यात असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कराड-पुणे फेरी ठरलेली. विक्रेता म्हणतो, "सर, टॉप मॉडेलच घ्या. त्यात नॅव्हिगेशन कंपनीचंच येतं. मोबाइलची कटकटच नाही." मुलगा लगेच म्हणतो, "बाबा, मोबाइलमध्ये तेच फुकट आहे की! चार-पाचशे रुपयांचा स्टँड लावू, झालं." दोघांचे पैशांवरून चाललेले बोलणे ऐकत बसलेल्या बाई शेवटी विचारतात, "ते सगळं खरं, पण गाडी चालवताना हे त्या नकाशाकडे बघणार किती वेळ?"

तिघांच्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा होता. रस्ता दाखवणारी यंत्रणा गाडीसोबत घ्यावी की मोबाइलवर भागवावे, हा वरवर हिशेबाचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्यात चालकाचे डोळे, त्याचे लक्ष आणि त्याचा मेंदूही गुंतलेला असतो. 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे दगावली. या आकड्यामागे वेग, हेल्मेट-सीटबेल्टचा अभाव, रस्त्यांची रचना अशी अनेक कारणे आहेत. चालकाचे क्षणभर उडालेले लक्ष हे त्यांतले एक असते, आणि त्याची नोंद पंचनाम्यात होतेच असे नाही.

उपग्रह तेच, गणित तेच

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कंपनीने बसवलेली यंत्रणा "खऱ्या" उपग्रहांवर चालते आणि मोबाइल फक्त इंटरनेटवर, असे अनेकांना वाटते. तसे नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20 हजार 200 किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगणारे संकेत पाठवत असतात. हा संकेत आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की त्यांना लागलेल्या वेळांमधल्या फरकावरून आपण कुठे आहोत याचे गणित मांडता येते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी जागा 300 मीटरने चुकते. त्यासाठीच या उपग्रहांत अणुघड्याळे बसवलेली असतात.

हे संकेत कोणालाही फुकट मिळतात. मे 2000 पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि सामान्य माणसाच्या हातातले यंत्रही काही मीटरच्या अचूकतेने जागा दाखवू लागले. गाडीतली यंत्रणा आणि मोबाइल दोघेही हेच संकेत पकडतात. मोबाइलला इंटरनेट लागते ते नकाशा उतरवून घ्यायला आणि पुढच्या रस्त्यावरची गर्दी कळायला. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल, तर नेटवर्क नसलेल्या घाटातही मोबाइल रस्ता दाखवतो.

गाडीत नकाशा बसवण्याची कल्पना उपग्रहांहूनही जुनी आहे. 1981 मध्ये होंडाने जपानमध्ये उपग्रहांच्या मदतीशिवाय चालणारी यंत्रणा आणली होती. गाडी किती वळली आणि किती अंतर गेली, हे मोजून ती पारदर्शक नकाशावर जागा दाखवत असे. 1990 मध्ये माझदाने जीपीएसवर चालणारी यंत्रणा गाडीतच बसवून दिली. पुढे काचेला चिकटवायची सुटी यंत्रे आली. त्या काळात गाडीसोबतची यंत्रणा आणि सुटे यंत्र यांच्या किमतींत मोठा फरक असे आणि ग्राहक त्याचा हिशेब मांडत. 2009 मध्ये गुगलने मोबाइलवर वळणावळणाला सूचना देणारी सेवा फुकट सुरू केली आणि त्या सुट्या यंत्रांची बाजारपेठच आटली. आज भारतातल्या ग्राहकापुढे सामना उरला आहे तो गाडीतला पडदा आणि खिशातला मोबाइल यांचा.

गाडीतल्या यंत्रणेला काय जास्त कळते?

कंपनीच्या यंत्रणेची एक बाजू खरोखर भक्कम आहे. ती गाडीच्या चाकांशी जोडलेली असते. चाके किती फिरली आणि गाडी कोणत्या दिशेला किती वळली, हे तिला सतत कळते. त्यामुळे उपग्रहांचा संकेत तुटला तरी ती अंदाजाने जागा पुढे सरकवत राहते.

याचा उपयोग कुठे होतो, ते कराड-पुणे रस्त्यावरच दिसते. पुण्याकडे जाताना आधी खंबाटकीचा बोगदा लागतो आणि पुढे कात्रजचा नवा बोगदा. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. मोबाइलवरचा निळा ठिपका कधी थबकतो, कधी अंदाजाने पुढे जातो आणि बाहेर पडल्यावर क्षण-दोन क्षण गोंधळतो. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर लागतो तो नवले पुलाकडे जाणारा, अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेला उतार. नेमक्या त्या जागी "हा ठिपका कुठे गेला?" म्हणून चालकाने मोबाइलकडे पाहत राहणे धोक्याचे असते.

दुसरा फायदा उष्णतेचा. गाडीतली यंत्रणा उन्हाळ्यात तापलेल्या डॅशबोर्डवर टिकावी अशीच बनवलेली असते. मोबाइल तसा नसतो. एप्रिल-मेच्या उन्हात काचेला लावलेला, चार्जिंगवर असलेला आणि नकाशा चालू असलेला मोबाइल तापतो, पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो आणि कधी कधी बंदच पडतो. तिसरा फायदा म्हणजे गाडीतला पडदा मोठा असतो, एका जागी पक्का असतो आणि खड्ड्यात आदळल्यावर पायाशी पडत नाही. पडलेला मोबाइल उचलायला वाकणे हे अपघाताला आमंत्रण आहे.

आणि मोबाइलला काय जास्त कळते?

मोबाइलची ताकद ताजेपणात आहे. पुढे वाहने खोळंबली आहेत, रस्ता बंद आहे, नवा पूल सुरू झाला, हे त्याला लवकर कळते, कारण त्याच रस्त्यावरच्या इतर मोबाइलांची गती त्याच्यापर्यंत पोचत असते. गाडीतल्या यंत्रणेचा नकाशा मात्र अनेकदा सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन किंवा वर्गणी भरून अद्ययावत करावा लागतो. इंटरनेटशी जोडलेल्या नव्या गाड्यांत हा प्रश्न कमी झाला असला, तरी फुकटची पहिली काही वर्षे संपल्यावर वर्गणी किती, हे विकत घेतानाच विचारायला हवे.

खरी अडचण वयाची आहे. मोबाइल आपण तीन-चार वर्षांनी बदलतो. गाडी बारा-पंधरा वर्षे वापरतो. आज झगमगणारा पडदा सात वर्षांनी संथ आणि जुनाट वाटू लागतो, आणि तो बदलणे सोपे नसते. 2022 मध्ये अमेरिकेत दूरसंचार कंपन्यांनी 3जी सेवा बंद केली, तेव्हा त्या जाळ्यावर अवलंबून असलेल्या अनेक गाड्यांच्या इंटरनेट सेवा एका फटक्यात बंद पडल्या. गाड्या ठणठणीत होत्या, जुने झाले होते ते त्यांच्यातले संपर्कयंत्र.

यातून एक मधला मार्ग निघाला आहे. मोबाइल गाडीच्या पडद्याला जोडायचा आणि मोबाइलवरचा नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर पाहायचा. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या त्याच सोयी. नकाशा मोबाइलचा, म्हणून ताजा. पडदा गाडीचा, म्हणून मोठा आणि पक्का. आता अनेक गाड्यांच्या मधल्या श्रेणीच्या मॉडेलमध्येही ही सोय मिळते.

दोन सेकंदांची किंमत

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर अंतर कापते. दोन सेकंद नजर पडद्यावर राहिली, तर गाडी 44 मीटर पुढे गेलेली असते, तीही जवळजवळ डोळे मिटून. अमेरिकेत चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून झालेल्या 100 गाड्यांच्या प्रसिद्ध अभ्यासात असे दिसले, की नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त काळ रस्त्यावरून हटली, तर अपघाताचा किंवा थोडक्यात चुकलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो. म्हणूनच तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2013 मध्ये गाडीतल्या पडद्यांसाठी सूचना दिली, की एका वेळची नजर दोन सेकंदांत आणि संपूर्ण काम एकूण 12 सेकंदांत आटोपले पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडते? 2017 मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या वर्षाच्या 30 गाड्यांमधल्या यंत्रणा तपासल्या. सर्वांत जास्त लक्ष खाणारे काम ठरले चालत्या गाडीत जायचे ठिकाण भरण्याचे. त्याला सरासरी 40 सेकंद लागत होते. ताशी 40 किलोमीटर या शहरी वेगानेही एवढ्या वेळात गाडी सुमारे 440 मीटर जाते. लक्षात घ्या, या यंत्रणा गाडी बनवणाऱ्यांनीच बसवलेल्या होत्या. "कंपनीचे आहे म्हणजे सुरक्षित असणारच," ही समजूत इथे कोसळते. पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी पाच गाड्यांमध्ये तुलना केली. मोबाइल जोडून कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो वापरणाऱ्यांना ठिकाण भरायला गाडीच्या मूळ यंत्रणेपेक्षा सुमारे 15 सेकंद, म्हणजे 31 टक्के कमी वेळ लागला. रोज हाताळलेल्या गोष्टीला कमी वेळ लागतो, यात नवल नाही.

पण याचा अर्थ मोबाइल जोडला की काळजी मिटली, असाही नाही. 2020 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांत याच सोयी बोटाने हाताळणाऱ्या चालकांचा प्रतिसाद मद्याच्या तिथल्या कायदेशीर मर्यादेवर असलेल्या चालकापेक्षाही मंदावलेला आढळला. आवाजाने आज्ञा देणे तुलनेने बरे, पण तेही पूर्ण निर्धोक नाही. आवाजी आज्ञा देऊन झाल्यावरही मन रस्त्यावर पुरते परतायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, असे आणखी एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. डोळे समोर असतात, पण मन अजून मागे रेंगाळत असते.

चाळिशी आणि पडदा

शिक्षकांच्या वयाच्या चालकांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. डोळ्यांतल्या पडद्याचा जो भाग बारीक तपशील पाहतो, तो फार लहान असतो. हात लांब करून अंगठा उभा धरला, तर त्याच्या रुंदीएवढाच भाग आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. बाकीचे दृश्य मेंदू अंदाजाने भरून काढतो. नकाशावरचे अक्षर वाचताना समोरच्या ट्रकचे ब्रेक लाइट त्या स्पष्ट भागाच्या बाहेर असतात. पडदा जितका खाली, तितके ते आणखी दूर जातात.

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते. दूरच्या रस्त्यावरून हातभर अंतरावरच्या पडद्यावर नजर आणली, की तो स्पष्ट दिसायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पुन्हा रस्त्यावर नेतानाही तसेच. साध्या बायफोकल चष्म्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे साधारण 40 सेंटिमीटरसाठी केलेला असतो. गाडीतला पडदा त्याहून दूर असतो. त्यामुळे तो ना वरच्या काचेतून नीट दिसतो, ना खालच्या. काचेवर उंच लावलेला मोबाइल खालच्या काचेतून वाचायला तर मान मागे टाकावी लागते. अशा चालकाने चष्मा करून घेताना "मी गाडी चालवतो, पडदा इतक्या अंतरावर असतो," हे नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. मधल्या अंतराचीही सोय असलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा अनेकांना उपयोगी पडतो. मोतीबिंदू सुरू झालेल्यांना रात्री प्रखर पडद्याचा त्रास होतो, म्हणून रात्रीचा गडद नकाशा आणि कमी उजेड बरा.

या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कान. सूचना आपल्याला नीट समजणाऱ्या भाषेत आणि पुरेशा मोठ्या आवाजात ऐकल्या, तर पडद्याकडे पाहण्याची गरज बरीच कमी होते. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांनी शेजारी बसणाऱ्याला नकाशा सांभाळायला द्यावा. यासारखी सुरक्षित सोय कोणत्याही टॉप मॉडेलमध्ये नाही.

स्टँड कुठे लावावा?

मोबाइल वापरायचा ठरवला, तर स्टँडची जागा ही आरोग्याचीच बाब आहे. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतबाहेर फुगते. तिच्या झाकणावर किंवा वाटेत बसवलेला स्टँड मोबाइलसह दगडासारखा चेहऱ्यावर येऊ शकतो. त्यामुळे डॅशबोर्डवर जिथे एअरबॅग असे लिहिलेले असते, ती जागा मोकळीच हवी. स्टँड काचेच्या मधोमध लावला, तर समोरून रस्ता ओलांडणारा माणूस त्याच्या आड जाऊ शकतो. एसीच्या मधल्या जाळीजवळ, नजरेच्या रेषेपेक्षा थोडा खाली, हात न ताणता पोचेल असा पक्का स्टँड बऱ्याच गाड्यांत सोयीचा ठरतो. तिथल्या गार हवेने मोबाइलही कमी तापतो.

कायद्याची बाजूही माहीत असावी. गाडी चालवताना हातात धरून मोबाइल वापरणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा आहे. 2020 मध्ये झालेल्या नियमबदलात रस्ता पाहण्यापुरती मुभा दिली गेली, तीही चालकाची एकाग्रता भंगणार नाही या अटीवर.

नकाशा म्हणजे रस्ता नव्हे

यंत्रणा कुठलीही असो, ती कधी तरी चुकते. जानेवारी 2021 मध्ये कळसूबाईकडे निघालेल्या पुण्याच्या तिघांची गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली. नकाशाने तो रस्ता चालू दाखवल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. चालकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. अशा वेळी दोष कोणाचा, हे तपासात ठरते. चालकाने शिकायचे ते एवढेच, की रात्री, पावसात आणि अनोळखी आडरस्त्यावर यंत्राच्या शब्दापेक्षा समोरचे दृश्य खरे मानावे. रस्त्यावर रहदारी नाही, गावात दिवे नाहीत, समोर पाणी दिसते आहे, तर थांबावे आणि माणसाला विचारावे. दोन मिनिटे वाया गेली तरी चालतील.

वापर नसेल तर गंजते

या विषयाला मेंदूचीही एक बाजू आहे. आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आठवणी आणि जागांचे भान सांभाळतो. मेंदूतल्या या "नकाशा-पेशीं"च्या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर या दांपत्याला 2014 चे नोबेल मिळाले. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे 25 हजार रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूत या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असल्याचे 2000 मध्ये दिसून आले. 2017 मध्ये लंडनमध्येच 24 जणांवर झालेल्या प्रयोगात, लोक स्वतः रस्ता शोधत होते तेव्हा हा भाग कामाला लागलेला दिसला, आणि फक्त यंत्राच्या सूचना पाळत होते तेव्हा तो जवळपास शांत राहिला.

2024 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 90 लाख मृत्युनोंदींच्या अभ्यासात टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालकांमध्ये अल्झायमरने मृत्यू होण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. रस्ते शोधल्यानेच हे झाले, असे यावरून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीही स्पष्ट केले आहे. ज्यांची दिशांची जाण मुळातच चांगली असते, तेच लोक या व्यवसायात येत असतील. तरीही ओळखीच्या रस्त्यावर यंत्र बंद ठेवून पाहायला काहीच हरकत नाही. उलट एक उपयोग होतो. वर्षानुवर्षे ज्या रस्त्याने ये-जा केली, तिथेच घरातले ज्येष्ठ चुकू लागले, तर ते स्मृतिभ्रंशाचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. प्रत्येक वळण यंत्रच सांगत असेल, तर हे लक्षण झाकून राहते. असे काही दिसले, तर तपासणी लांबवू नये.

मग पैसे कुठे घालावेत?

ज्याच्या गाडीच्या पडद्याला मोबाइल जोडता येतो, त्याने केवळ कंपनीच्या नकाशासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. जो रोज नेटवर्क नसलेल्या, बोगद्यांच्या भागात फिरतो किंवा ज्याला मोबाइल हाताळणे जमतच नाही, त्याला गाडीतली यंत्रणा उपयोगी पडू शकते. मात्र विकत घेण्याआधी शोरूममध्ये उभ्या गाडीत बसून एक पत्ता स्वतः भरून पाहावा आणि किती सेकंद लागले ते मोजावे. टॉप मॉडेलमध्ये जास्त एअरबॅग किंवा गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येत असेल, तर त्यासाठी मोजलेला पैसा सत्कारणी लागेल. नकाशा मग त्यासोबत आलाच, तर येऊ द्यावा. हे काही नसेल, तर वाचलेले पैसे चांगल्या टायरांवर आणि योग्य चष्म्यावर खर्च करावेत.

यंत्रणा कोणतीही असली, तरी काही सवयी सारख्याच हव्यात. ठिकाण गाडी सुरू करण्याआधीच भरावे. लांबच्या प्रवासाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवावा. वाटेत बदल करायचा असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी. वळण चुकले, तर चुकू द्यावे, यंत्र पुढून दुसरा रस्ता दाखवते. महामार्गावर मागे येणे किंवा अचानक ब्रेक मारणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि अपघात झालाच, तर 108 किंवा 112 ला फोन करताना मोबाइलवरची आपली जागा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, दोन्ही सांगावे. जखमीसाठी पहिला तास मोलाचा असतो, आणि तो जागा शोधण्यात जाऊ नये.

शोरूममधल्या त्या कुटुंबाने मधले मॉडेल घेतले, तर ते चुकणार नाही. कराड-पुणे रस्ता शिक्षकांना पाठ आहे. पुण्यात शिरल्यावर लेकीच्या घरापर्यंतची वळणे शेजारी बसलेल्या बाईंनी वाचून सांगावीत आणि शिक्षकांनी रस्त्याकडे पाहावे.